दांड्याचं वजन

सावद्यात कुठल्याही वस्तूचा विचार आधी वजनात होतो. यात त्या माणसांचा दोष नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावलच्या पट्ट्यात पीकच असं आहे, की ज्याचा घड जड त्याचा संसार सुखाचा. बाग कशी आहे म्हणून विचारलं तर शेतकरी पानांचा रंग सांगत नाही, '22 ची रास पडली' म्हणतो. म्हणजे घडामागे सरासरी 22 किलो. ऐकणाराही तेवढ्यावरच समजून घेतो की यंदा पोरीचं लग्न होणार आहे.

नाना असेच जुने केळी व्यापारी. सावदा स्टेशनातून दिल्लीसाठी केळीच्या वॅगनी भरल्या जात तेव्हापासून ते या धंद्यात आहेत. घड हातात घेतला की काट्यावर जाण्याआधीच वजन सांगायचे, आणि काट्याने वेगळं सांगितलं तर काटा तपासायला पाठवायचे. लग्नात आहेराचं भांडंसुद्धा नाव वाचण्याआधी हातात तोलून पाहायचे.

त्यांचा पुतण्या फैजपूरला बँकेत नोकरीला. पुण्यात शिकत असताना त्याला जॅझ गिटारचं वेड लागलं आणि नोकरी घेऊन गावी परतला तरी ते सुटलं नाही. त्याची गिटार पोकळ पोटाची, वरच्या फळीला व्हायोलिनसारख्या दोन खाचा. घरच्यांना ती आवडायची, वाजवणं मात्र कळायचं नाही. "सरळ चाल का नाही वाजवत रे?" असं आजी विचारायची, आणि प्रश्न तसा रास्तच होता.

पण भुसावळला एक मास्तर होते, त्यांना कळायचं. बँड पार्टीत क्लॅरोनेट वाजवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. जॅझ हा शब्द त्यांनी उशिरा ऐकला असेल, पण स्विंगचा झोका त्यांच्या बोटांत तरुणपणापासूनच होता. तो आला सी. रामचंद्रांच्या गाण्यांतून. पुणतांब्याच्या या मराठी माणसाने 1951 च्या 'अलबेला'त मुंबईच्या हॉटेलांतला स्विंग थेट खेड्यापाड्यांत पोचवला. त्यांच्या सोबतीला होते गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोन झेवियर वाझ, ट्रंपेटवाले, ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत. म्हणजे खानदेशातल्या कितीतरी वरातींनी नकळत जॅझवर फेर धरला आहे. मास्तर ती गाणी वाजवता वाजवता मधेच चाल सोडून भटकून यायचे, आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे नाचणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागायचा नाही.

तर दर रविवारी पुतण्या भुसावळला जायचा. मास्तर, रेल्वेत नोकरी करणारा एक ड्रमवाला आणि हा, असे तिघं एका सभागृहाच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत वाजवत बसायचे. अडचण एकच होती. क्लॅरोनेट आणि ड्रमपुढे गिटार ऐकूच यायची नाही.

ही अडचण फार जुनी आहे. जॅझच्या वाद्यवृंदात गिटारवाला पूर्वी तालापुरता असे; मागे बसून झणझण करायचं, एवढंच काम. 1936 साली गिब्सन कंपनीने ईएस-150 ही विजेवर चालणारी गिटार आणि तिच्या जोडीला अँप्लिफायर बाजारात आणला. 1939 मध्ये चार्ली ख्रिश्चन नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा तीच गिटार घेऊन बेनी गुडमनच्या चमूत शिरला आणि ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या बरोबरीने एकेका स्वराची ओळ वाजवू लागला. पंचविशीतच, 1942 मध्ये तो गेला. पण त्याच्यानंतर गिटारवाल्याला मागे बसवायची कुणाची हिंमत झाली नाही. जॅझमधल्या गिटारच्या इतिहासातलं निम्मं श्रेय त्या बाजूच्या पेटीचं, म्हणजे अँप्लिफायरचं, आहे असं माझं मत आहे, गिटारवाले काही म्हणोत.

पुतण्यालाही अशीच पेटी हवी होती, आणि नानांनी तिच्यासाठी पैसे द्यायचं कबूल केलं. कांदेबागेच्या केळीला त्या वर्षी भाव बरा मिळाला होता. दोघं मुंबईला गेले.

पुतण्याच्या मनात हलकी पेटी होती. जॅझवाल्याला रॉकवाल्यासारखा फाटका आवाज नको असतो. तो एका वेळी चार-चार, पाच-पाच स्वर एकत्र वाजवतो, आणि त्यातला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू यावा लागतो. पेटी जराशी जरी फाटली तरी सगळ्याचा काला होतो. म्हणून लागतो स्वच्छ आवाज, आणि मोठा केला तरी स्वच्छच राहणारा. पूर्वी याचं उत्तर एकच होतं: ताकद वाढवा. ताकद वाढली की वजन वाढायचं. फेंडरची ट्विन रिव्हर्ब ही व्हॉल्व्हची नामांकित पेटी 85 वॅटची, बारा इंची दोन स्पीकर आणि वजन 29 किलोच्या घरात. रोलंडने 1975 मध्ये काढलेली जॅझ कोरस ट्रान्झिस्टरची, पण दोन स्पीकर आणि दणकट खोकं यांमुळे तीही 28 किलोची. दोन्ही अजूनही उत्तम गणल्या जातात, आणि ती कीर्ती खोटी नाही. फक्त त्या पेट्या जिना चढवून नेणाऱ्यांचं मत कुणी विचारत नाही.

दुकानात पुतण्याने सात किलोची एक पेटी दाखवली. नानांनी ती एका हाताने उचलली, हलवली, खाली ठेवली.

"हे तं रिकामं खोकं हाये."

"नाना, आतली रचना नवीन आहे."

"रचना कोण पाहते? माल पाह्यजे."

कोपऱ्यात एक जुनी व्हॉल्व्हची पेटी होती, वापरलेली, 29 किलोची. नानांनी धोतर सावरून दोन्ही हातांनी ती गुडघ्यापर्यंत उचलली आणि त्यांचा चेहरा फुलला. भावही जवळजवळ तेवढाच होता.

पुतण्याने एक शेवटचा प्रयत्न केला. फैजपूरची गोष्ट काढली. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं, नेहरू अध्यक्ष होते, आणि गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशनाचं टिळकनगर उभं केलं ते बांबूचं. "इतका हलका मंडप, पण काँग्रेस पडली का त्यातून?"

"मंडप अधिवेशन झाल्यावर मोडला भो," नाना म्हणाले. "मी तुले पेटी एकदाच घेऊन देणार हाये."

यापुढे बोलणं खुंटलं. आणि खरं सांगायचं तर पुतण्यालाही त्या जुन्या पेटीचा मोह पडलाच होता. मोठमोठ्या वादकांच्या पाठीमागे फोटोत तशीच पेटी दिसायची.

पेटी भुसावळ स्टेशनात उतरवताना हमालाने विचारलं, "फ्रीज हाये का?" पुढच्या रविवारपासून खरी मजा सुरू झाली. एका हातात गिटार घेऊन 29 किलो उचलता येत नाहीत. एसटीत ती चढवायची तर कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा आणि उतरताना कुणीतरी ओळखीचं शोधावं लागायचं. सभागृहाचा जिना ड्रमवाल्यासोबत चढायचा. मधल्या वळणावर पेटी टेकवून दोघं दम खायचे, आणि वर पोचल्यावर पुतण्याची बोटं पाव तास थरथरायची. मास्तर तोवर एकटेच वाजवत बसायचे.

खोलीतही ती पेटी जमून बसली नाही. बेताच्या आवाजात ती मलूल वाटायची. अंगात यायला तिला आवाज थोडा वर न्यावा लागायचा, आणि वर नेला की गिटारचं पोकळ पोट समोरच्या स्पीकरच्या आवाजाने स्वतःच घुमायला लागायचं. मग घूंऽऽ असा एक लांबलचक सूर, मास्तरांनी क्लॅरोनेट तोंडातून काढून पाहणं, आणि पुतण्याचं धावत जाऊन आवाज कमी करणं.

पावसाळा लागला. एका रविवारी गाडी मिळाली नाही, एका रविवारी पाठ धरली, एका रविवारी नुसताच कंटाळा. दसऱ्यापर्यंत पुतण्याचं भुसावळला जाणं बंद झालं होतं. पेटी बैठकीत दिवाणाशेजारी बसली. आजीने तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. आल्या-गेल्याला नाना पेटी दाखवायचे, "उचलून पाह्य," म्हणायचे. उचलून पाहणारे पुष्कळ निघाले.

दिवाळीनंतर मास्तर स्वतःच सावद्याला आले. एसटीने, काखेत कापडी पिशवी, पिशवीत क्लॅरोनेट. सोबत भुसावळचा एक रेडिओ मेकॅनिक, ज्याने आयुष्यभर व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले आणि आता मोबाईलचे चार्जर दुरुस्त करतो. मास्तरांनी चहा घेतला, पेटीकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "नाना, तुमचा काटा आणता का?"

माल मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा ओसरीवर आला. मेकॅनिकने पेटीचे स्क्रू काढले आणि एकेक भाग काट्यावर ठेवायला सुरुवात केली. दोन स्पीकर मिळून साडेनऊ किलो. "यातलं बहुतेक मागचं लोहचुंबक आहे," तो म्हणाला, "काळी जाड चकती दिसते ना, ती." मग लोखंडी पत्र्याच्या थप्प्या बांधून केलेले ट्रान्सफॉर्मर, एक विजेचा, एक आवाजाचा: सहा किलो. प्लायवूडचं खोकं, पत्रा, जाळी, चाकं मिळून बाकीचं सगळं. शेवटी चार मोठे आणि काही बारके व्हॉल्व्ह हातावर घेऊन त्याने ते काट्यावर ठेवले. आकडा किलोच्या बराच खाली थांबला.

"आवाज मोठा करतात ते एवढेच," मेकॅनिक म्हणाला.

नाना आकड्याकडे बघत राहिले.

मेकॅनिकने खिशातून दोन वस्तू काढल्या. एक जुना बॅटरी एलिमिनेटर, विटेसारखा जड, आणि एक मोबाईलचा चार्जर. जुना जास्त वजनाचा असून चार्जरपेक्षा कमी वीज देतो, हे त्याने मीटर लावून दाखवलं. कारणही सांगितलं. घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे खाते. इतक्या संथ हेलकाव्यातून वीज पुढे न्यायची तर लोखंड भरपूर लागतं. चार्जर आधी तीच वीज सेकंदाला लाखभर वेळा तोडतो-जोडतो; हेलकावा जितका जलद, तितकं लोखंड कमी. नव्या पेट्यांत विजेचा भाग असाच असतो. आणि आवाज वाढवणारा भाग, ज्याला क्लास-डी म्हणतात, तोही ट्रान्झिस्टरला अर्धवट उघडं ठेवत नाही. पूर्ण चालू, पूर्ण बंद, असं सेकंदाला काही लाख वेळा करतो. अर्धवट उघड्या ट्रान्झिस्टरमध्ये वीज उष्णता होऊन वाया जाते, इथे ती जवळजवळ सगळी स्पीकरला मिळते. उष्णता नाही, म्हणून ती घालवायला ॲल्युमिनियमचे ठोकळेही नाहीत. स्पीकरचं लोहचुंबक आता निओडिमियमचं मिळतं. 1980 च्या दशकात जपानमध्ये आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी तयार झालेलं, जुन्या काळ्या चकतीपेक्षा वजनाच्या मानाने कितीतरी जोरदार.

"अन वॅट?" नानांनी विचारलं. त्यांना निदान एक तरी मोठा आकडा हवा होता.

"वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, नाना. कानाला थोडासा फरक. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात."

नानांनी काटा बंद केला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग ओसरीच्या टोकाला टांगलेल्या घडाकडे हात करून म्हणाले, "म्हंजे हा सारा दांडा हाये. काट्यावर चढतो, पण खाणाऱ्याच्या ताटात जात नाही."

पुतण्याला वाटलं, जिंकलो. इथे बहुतेक बोधकथा संपतात. ही संपत नाही, कारण पुतण्याही त्याच गावचा. त्याने नानांचाच काटा उलटा धरला. जळगावच्या एका ओळखीच्या पोराकडून साडेसहा इंची स्पीकरची इवलीशी पेटी उसनी आणली आणि जो भेटेल त्याला वजन सांगत सुटला: "फक्त सात किलो!" त्याहून हलकी कुठे मिळेल याचा शोध रात्री उशिरापर्यंत चालायचा. जॅझवाल्यांचं हे खूळ तसं जुनंच आहे. अकॉर्डियन वाजवणाऱ्या टॉमी गुमिनाने काढलेल्या पॉलिटोनच्या आटोपशीर ट्रान्झिस्टर पेट्या जो पाससारख्या दिग्गजाने वापरल्या, तेव्हापासून गिटारवाल्यांच्या गप्पांत सुरांइतकंच पाठदुखीला स्थान आहे.

मास्तरांनी पारखायला जागा निवडली ती नानांचं पॅकिंग शेड. उंच पत्रे, रिकामी जागा, बाजूला क्रेटच्या थप्प्या. ड्रम आले, क्लॅरोनेट आलं. नानांना त्यांनी सगळ्यात मागच्या क्रेटवर बसवलं आणि सांगितलं, "कोणती पेटी वाजते ते बघू नका, पाठ करून बसा. काय ऐकू येतं ते सांगा."

छोटी पेटी एकटी वाजली तेव्हा नाना मान डोलावत होते. ड्रमवाल्याने झांजेवर काठी धरली आणि मास्तर सुरू झाले, तशी गिटारच्या जाड तारांची ओळ हरवली. वरचे स्वर येत होते, पण खालचा भरणा नव्हता. पुतण्याने आवाज वाढवला, तर आवाज नुसता धारदार झाला. त्याने पेटी खुर्चीवरून जमिनीवर ठेवली. जमिनीमुळे खर्ज थोडा वाढतो, तसा वाढला, पण स्वच्छपणा गेला.

मागून नानांचा आवाज आला. "हा तं दांड्यासंगं फण्याबी कापून टाकल्या तुने!"

त्यानंतर जुनी जड पेटी वाजवली. आणि इथे मला तिची बाजू घ्यायलाच हवी. मोठ्या शेडमध्ये, आवाज हवा तेवढा वर नेता आला तेव्हा, ती अशी काही वाजली की क्रेटवर बसलेले हमाल उठून आले. दोन बारा इंची स्पीकर हवा ढकलतात तेव्हा आवाज एका खोक्यातून येत नाही, भिंतभर पसरतो. त्या पेटीत खोट नव्हती. ती फक्त पहिल्या मजल्यावरच्या खोलीसाठी, एसटीने जाणाऱ्या, पाठ धरणाऱ्या माणसासाठी नव्हती.

आता नानांनी सूत्रं हातात घेतली. व्यापारी माणूस, चूक कळली की तोटा मोजत बसत नाही. पुढच्या खेपेला मुंबईत ते दुकानदाराला किंमत आधी विचारेनात, वजनही विचारेनात. मास्तरांना सोबत नेलं होतं, पुतण्याची स्वतःची गिटार नेली होती. दुकानातल्या चकचकीत गिटारवर कुठलीही पेटी गोडच वाजते, हे मास्तरांनी बजावलं होतं. एकेक पेटी लावून पुतण्याने चार स्वरांचे कॉर्ड सावकाश वाजवले, मास्तर दाराशी उभे राहून सगळे स्वर मोजत होते. मग आवाज वर नेऊन पोकळ पोट कधी घुमू लागतं ते पाहिलं. खर्ज कमी करायचं बटण किती फिरवलं की घुमणं थांबतं आणि तरीही गिटार गिटारच वाटते, तेही पाहिलं.

निवड झाली ती एका बारा इंची स्पीकरची: निओडिमियम चुंबक, क्लास-डी, बारा किलोच्या आत. सात किलोवाल्या पेटीपेक्षा जड, जुन्या पेटीच्या निम्म्याहून हलकी. शेवटची परीक्षा नानांची. दुकान होतं दुसऱ्या मजल्यावर. पुतण्याला त्यांनी एका हातात पेटी, पाठीवर गिटार देऊन जिना उतरायला लावलं आणि पुन्हा वर चढायला लावलं, मध्ये न थांबता. वर आल्यावर म्हणाले, "बोटं दाखव." बोटं थरथरत नव्हती. मग पैसे मोजले.

मेकॅनिकने मात्र एक गोष्ट परतल्यावर स्पष्ट सांगितली. जुनी पेटी बिघडली असती तर त्याने ती भुसावळच्या टपरीत डाग देऊन उभी केली असती. नवीचं बोर्ड जळालं तर अख्खं बोर्डच बदलावं लागणार, आणि ते मुंबईहून मागवावं लागणार. हलकेपणाची ही किंमत आहे आणि ती देताना माहीत असलेली बरी.

जुनी पेटी धुळ्याच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीने घेतली. त्यांच्याकडे स्वतःचा टेम्पो आहे, चार उचलणारे आहेत, आणि कार्यक्रम मोकळ्या मैदानात होतात. तिथे ती खूश आहे. पुतण्या पुन्हा दर रविवारी भुसावळला जातो. पेटी जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, जरा तिरपी ठेवतो, म्हणजे खर्ज आवरतो आणि आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो.

तुमच्या घरात कुणी अशी पेटी घ्यायला निघालं असेल तर त्याच्यासोबत दुकानात जा. गिटार त्याची स्वतःची न्यायला लावा, पेटी जिन्यावरून एकदा त्यालाच उचलू द्या, आणि तुम्ही मागे, दूर, पाठ करून बसा. वजन आणि किंमत मात्र ऐकून झाल्यावरच विचारा.